पिवळा, पण कुठला पिवळा? प्रकाशाचा उगम ओळखायला शिकताना

दादरला साडी घ्यायला गेलं की दुकानदार स्वतःच म्हणतो, "ताई, जरा दारात या, उजेडात बघा." डोक्यावर पंधरा दिवे लखलखत असतात, तरी त्याच्या लेखी तो उजेड नव्हे. आणि तो बरोबर असतो. आत मोहरीच्या फुलासारखी वाटलेली साडी दारात आणली की लिंबाच्या सालीसारखी निघते. साडी तीच, डोळे तेच. बदलला तो प्रकाश.

आपला डोळा रंग सांगतो, उगम सांगत नाही. समईची ज्योत पिवळी, जुन्या रस्त्यावरचा दिवा पिवळा, बाथरूममधला 'वॉर्म' बल्ब पिवळा, मोबाइलवरची स्मायली पिवळी, हळद पिवळी. डोळ्याला ही सगळी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात यांचं गोत्र एक नाही. कोण कुठल्या घरचं, हे ओळखायला एक खोका पुरतो. तो बनवायला शंभर रुपयेही लागत नाहीत, एक दुपार लागते. आमच्या चाळीतल्या मुलांबरोबर मी हा उद्योग चार-पाच वेळा केला आहे. त्यात जे फसलं, ते त्या त्या जागी सांगत जाईन.

पायरी १: न दिसणारा प्रकाश बघा

खोक्याआधी दोन मिनिटांचं काम. टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाइलचा कॅमेरा सुरू करा आणि रिमोटच्या टोकाकडे रोखून बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही, पण पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही, तर सेल्फीचा वापरा. काही फोनांत मागच्या कॅमेऱ्यापुढे हा प्रकाश अडवणारी गाळणी असते.

रिमोटमधून येतो तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. त्याची तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्याला दिसतं ते साधारण ४०० (जांभळा) ते ७०० (तांबडा) एवढंच. खाली अतिनील (अल्ट्राव्हायोलेट) आणि क्ष-किरण, वर अवरक्त आणि मग रेडिओच्या लहरी. सगळी एकच जात. निर्वात पोकळीत सगळ्यांचा वेगही एकच, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. हा आकडा १९८३ पासून मोजलेला नाही, ठरवलेला आहे: मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते.

म्हणजे 'प्रकाश' हे आपण मोठ्या पट्ट्याच्या एका चिंचोळ्या तुकड्याला दिलेलं नाव आहे. तो तुकडा उलगडून बघण्यासाठी आता खोका.

पायरी २: खोका

सामान: बुटांचा रिकामा खोका, जुनी सीडी, दोन व्हिजिटिंग कार्डं, काळा कागद, चिकटपट्टी, कटर आणि कंपासपेटीतला ३०-६० अंशांचा गुण्या. सीडी कापायची नाही, तरी कोणाच्या बारशाची किंवा लग्नाची नाही ना, हे विचारून घ्या. आमच्याकडे एकदा हे विचारायचं राहिलं आणि एका काकूंनी महिनाभर बोलणं टाकलं. डीव्हीडी घेऊ नका. तिच्यावरच्या रेघा जास्त दाट असतात आणि खालचं कोनाचं गणित चुकतं.

खोक्याच्या आतून काळा कागद लावा. झाकणालाही. हा कंटाळवाणा भाग मुलं हमखास टाळतात आणि मग पट्टा फिका का दिसतो म्हणून विचारतात.

खोक्याच्या एका अरुंद बाजूला, साधारण मध्यावर, आडवी खिडकी कापा: तीन सेंटीमीटर लांब, एक सेंटीमीटर उंच. तिच्यावर दोन व्हिजिटिंग कार्डं अशी चिकटवा की त्यांच्या सरळ कडांमध्ये आडवी बारीक फट उरेल. किती बारीक? तिसरं कार्ड त्या फटीतून जेमतेम सरकेल इतकी. कात्रीने कापलेली कड वापरू नका, कार्डाची मूळ कड वापरा. फट वाकडी असली की पुढचं सगळं वाकडं. काही जण दाढीच्या ब्लेडची पाती लावतात. त्याने रेघा जास्त धारदार येतात, पण लहान मुलं असतील तर कार्डंच बरी.

आता दुसऱ्या टोकाला सीडी. चकचकीत बाजू फटीकडे आणि वर, आणि सीडी तळाशी ६० अंशांचा कोन करून मागे रेललेली. गुण्याचा ६० अंशांचा कोपरा तळावर टेकवून पुठ्ठ्याचा एक आधार करा आणि त्यावर सीडी चिकटवा. शेवटी झाकणात, सीडीच्या खालच्या अर्ध्या भागाच्या बरोबर वर, दोन सेंटीमीटरचं चौकोनी भोक पाडा. झाकण लावा, कडेच्या फटी चिकटपट्टीने बुजवा.

फट दिव्याकडे धरा आणि भोकातून सरळ खाली बघा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, घाबरू नका. डोकं थोडं मागेपुढे करा, खोका किंचित तिरका करा. अचानक रंगांचा पट्टा समोर येतो, आणि बघणारा हमखास "अरे!" म्हणतो.

हे होतं कसं? सीडीवर १.६ मायक्रोमीटर अंतरावर गोल गोल रेघा असतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सव्वासहाशे. प्रत्येक रेघेवरून परतलेल्या लहरी एकमेकींना भेटतात. कुठल्या दिशेला त्या जुळून मोठ्या होतील आणि कुठे एकमेकींना मारतील, हे तरंगलांबीवर ठरतं. म्हणून प्रत्येक रंग आपापल्या कोनात निघून जातो. न्यूटनने १६६६ च्या सुमारास लोलकातून पट्टा पाडला तेव्हा रंग वेगळे झाले ते काचेत वळून. आपले रंग वेगळे होतात ते रेघांमुळे. पट्टा मात्र त्याच घराण्यातला.

एक सूचना, आणि ही गंमतीची नाही: खोका सूर्याकडे कधीच रोखायचा नाही. ढग, निळं आकाश, समोरच्या इमारतीची उन्हातली पांढरी भिंत, यांच्याकडे रोखा. सूर्याचाच प्रकाश मिळतो आणि डोळेही शाबूत राहतात.

पायरी ३: आधी आकाश, मग समई

सुरुवात दिवसा करा. खिडकीतून आकाशाकडे फट धरली की जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पट्टा दिसतो. कुठेही तुटलेला नाही. निदान पहिल्या नजरेला तरी नाही, त्याकडे परत येऊ.

संध्याकाळी समई लावा आणि तिच्याकडे बघा. इथेही सलग पट्टा, पण निळा-जांभळा भाग दुबळा आणि तांबडा-पिवळा भरघोस. समईच्या पिवळ्यात खरं तर सगळे रंग आहेत, फक्त वाटणी असमान आहे.

या दोघांचं गोत्र एक: तापणं. तेलाची वाफ अर्धवट जळते तेव्हा कार्बनचे अतिबारीक कण तयार होतात, म्हणजे काजळीच. ते तापून लाल-पिवळे झगझगतात. ज्योतीवर वाटी धरून काजळ पाडतो, ते हेच कण वाटेत पकडलेले. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये काजळीऐवजी टंगस्टनची तार असते, सुमारे २,५०० अंश सेल्सिअसला तापलेली. तिची बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्तात जाते, म्हणून तो बल्ब प्रकाशापेक्षा उष्णताच जास्त द्यायचा. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५०० अंशांचा.

तापलेली कुठलीही घट्ट वस्तू असा सलग पट्टा देते. तापमान वाढलं की पट्ट्याचा जोर तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लालबुंद, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरं होतं ते याचमुळे. जुना, तारेच्या बल्बचा टॉर्च घरात असेल तर सेल संपत आल्यावर तो कसा तांबूस पडत जातो ते खोक्यातून बघा. निळा भाग आधी मरतो.

हे असं का होतं, याचा हिशोब १९ व्या शतकातल्या भौतिकीला जमत नव्हता. १९०० साली माक्स प्लांकने ऊर्जा सुट्या पुड्यांमध्ये दिली-घेतली जाते असं मानून तो जुळवला. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशच अशा पुड्यांचा असल्याचं मांडलं. पुढे त्या पुडीला फोटॉन म्हणू लागले. निळी पुडी जड, तांबडी हलकी. कमी तापलेल्या वस्तूला जड पुड्या परवडत नाहीत.

सूर्य स्वतः तापतो कशावर, हा वेगळा प्रश्न. त्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंशांना हायड्रोजनचं हेलियम होतं. दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजन यात खपतो आणि त्यातलं ४० लाख टनांहून थोडं जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. ती ऊर्जा गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत धक्के खात यायला हजारो वर्षं लागतात आणि पुढे पृष्ठभागावरून दादर चौपाटीवर यायला ८ मिनिटं २० सेकंद.

पायरी ४: गॅसवर मीठ

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी पायरी हीच, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात रोज घडते. मीठ घातलेला भात उतू गेला की गॅसची निळी ज्योत भकदिशी पिवळी होते. आपण झाकण काढतो, गॅस बारीक करतो आणि विसरून जातो. आज विसरायचं नाही.

स्टीलच्या जुन्या चमच्याचं टोक ओलं करून मिठात बुडवा आणि ज्योतीच्या कडेला धरा. चमचा चिमट्यात धरावा, मोठ्यांनीच. दुसऱ्याने स्वयंपाकघरातला दिवा बंद करून खोक्यातून बघावं.

डोळ्याला समईसारखाच पिवळा दिसतो. खोक्यात मात्र पट्टा नाही! काळोखात एकच पिवळी रेघ, ५८९ नॅनोमीटरला. खरं तर त्या दोन रेघा आहेत, ५८९.० आणि ५८९.६, पण आपल्या खोक्याला त्या सुट्या करता येत नाहीत.

समईच्या पिवळ्यात सगळे रंग होते. या पिवळ्यात पिवळ्याशिवाय काहीच नाही.

कारण इथे चमकतात ते सुटे सोडियमचे अणू. ज्योतीच्या उष्णतेने मिठातले सोडियमचे अणू वाफेत सुटे होतात. अणूतला इलेक्ट्रॉन कुठेही उभा राहू शकत नाही, त्याची स्टेशनं ठरलेली. दादरला थांबेल, माटुंग्याला थांबेल, मध्ये नाही. (आपली लोकल मध्येही थांबते, इलेक्ट्रॉन नाही.) ज्योतीतल्या धक्क्याने तो वरच्या स्टेशनावर जातो आणि खाली परतताना दोन स्टेशनांमधल्या फरकाएवढी ऊर्जा एका फोटॉनमधून देऊन टाकतो. स्टेशनं ठरलेली, म्हणून भाडं ठरलेलं, म्हणून रंग ठरलेला. सोडियमच्या या प्रवासाचं भाडं ५८९. प्रत्येक मूलद्रव्याची लाइन वेगळी, स्टेशनांमधली अंतरं वेगळी, म्हणून रेघांची ठेवण वेगळी. दिवाळीच्या फटाक्यांत स्ट्राँशियम लाल, बेरियम हिरवा आणि तांबं निळा देतं, ते याच हिशोबाने. अणूतल्या या ठरलेल्या स्टेशनांची कल्पना नील्स बोरने १९१३ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉन खरोखर रुळावरून धावत नाही, हे मोठ्या वर्गात गेल्यावर कळेल. तोवर लोकल पुरते.

आता समईकडे पुन्हा एकदा नीट बघा. कधी कधी तिच्या सलग पट्ट्यावरही ५८९ च्या जागी बारीक उजळ रेघ चमकते. वात वळताना हाताच्या घामाचं मीठ लागलेलं असतं, तेवढंही पुरतं. १८५९-६० मध्ये किरखॉफ आणि बुन्सेन यांनी जर्मनीत पदार्थ ओळखण्याची ही रीत पक्की केली, तेव्हा त्यांनाही या सोडियमने असाच त्रास दिला होता. तो जिथे तिथे हजर असतो.

पायरी ५: ट्यूबलाइट, आणि खोक्याला मोजपट्टी

घरात जुनी ट्यूब किंवा सीएफएल शिल्लक असेल तर टाकू नका. तिच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की पाऱ्याचे अणू मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देतात आणि काचेच्या आतली पांढरी भुकटी तो गिळून दिसणारा प्रकाश टाकते. पण पाऱ्याच्या काही रेघा थेट बाहेरही येतात: ४३६ ला निळी-जांभळी आणि ५४६ ला हिरवी. खोक्यात या दोन्ही ठळक दिसतात.

भोकावर मोबाइलचा कॅमेरा टेकवून फोटो काढा. पडद्यावर बोट दाबून उजळपणा गोठवा, नाहीतर सगळं पांढरंफटक येतं. दोन रेघांमधलं अंतर मोजा, ते ११० नॅनोमीटरचं. झाली मोजपट्टी. खोका आणि फोन जराही न हलवता मिठाच्या ज्योतीचा फोटो काढा आणि पिवळी रेघ कुठे पडते ते याच हिशोबाने काढा. मुलांचं उत्तर ५८० ते ६०० मध्ये आलं तर मी पेढा देते. पहिल्या वेळी एकाचं ६४० आलं होतं. तो फोन हलवून मोकळा झाला होता.

स्विचबोर्डवर लुकलुकणारा छोटा नारिंगी इंडिकेटर बऱ्याच जुन्या घरांत असतो. तो निऑन वायूचा. त्याच्या तांबड्या-नारिंगी रेघांची गर्दी बघायची असेल तर खोली पूर्ण काळोखी करा.

पायरी ६: रस्त्यावरचा दिवा आणि काळी रेघ

मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियमचे दिवे काढून २०१५ साली पांढरे एलईडी लावले, तेव्हा 'राणीचा हार' पांढरा पडला म्हणून मुंबईभर बोंब उठली. मग पिवळसर छटेचे एलईडी आले. लोक समाधानी झाले, पण खोका फसत नाही. तो जुना पिवळा आणि हा नवा पिवळा यांचा काही संबंध नाही.

अस्सल सोडियमचा दिवा अजून एखाद्या जुन्या गल्लीत किंवा गोदामाच्या आवारात सापडला तर सोडू नका. आपण म्हणू, मिठासारखीच ५८९ ला एक पिवळी रेघ दिसेल. दिसतं भलतंच. पिवळ्याच्या आजूबाजूला रुंद उजळ पट्टा असतो आणि नेमकी ५८९ च्या जागी काळी रेघ! सोडियमच्या दिव्यात सोडियमचीच जागा रिकामी.

हे कोडं सोडवलंत तर प्रकाशाचं अर्धं शास्त्र हाती आलं. या दिव्यात सोडियमची वाफ मोठ्या दाबाखाली असते, म्हणून मधल्या तापलेल्या भागातून निघणारी रेघ फुगून पट्टा होते. नळीच्या काठाजवळची वाफ त्यामानाने थंड. तिथले सोडियमचे अणू खालच्या स्टेशनावर बसलेले असतात आणि ५८९ चा फोटॉन आला की तो गिळून वर चढतात. ज्या भाड्यात उतरायचं त्याच भाड्यात चढायचं. गिळलेला प्रकाश ते पुन्हा सोडतात, पण चहूदिशांना. आपल्याकडे सरळ येणारा कमी होतो आणि तिथे काळी रेघ उमटते.

आता दिवसाच्या आकाशाकडे परत या. फट आणखी बारीक करा, एका जाड कागदाएवढी. सलग वाटलेल्या पट्ट्यात आडव्या काळ्या रेघा दिसू लागतात. १८१४ मध्ये योसेफ फ्राउनहोफरने या शेकड्यांनी मोजल्या आणि ठळक रेघांना अक्षरं दिली. पिवळ्यातली 'डी' नेमकी ५८९ ला. सूर्याच्या तापलेल्या थरातून निघालेला सलग प्रकाश वरच्या जरा थंड वायूतून येताना तिथल्या सोडियमने आपला वाटा उचलला, तो हा. सूर्यात सोडियम आहे हे तिथे न जाता कळलं ते असं. तुम्ही बुटांच्या खोक्यात तेच बघताय.

रात्री चंद्राकडे खोका रोखला आणि पुरेसा उजेड मिळाला तर याच रेघा दिसतात. चंद्राचा स्वतःचा प्रकाश नाही, याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नाही.

मधेच थोडं कोकणात

सिंधुदुर्गाकडचा कोणी मुंबईकर शेजारी असेल तर तो सांगेलच, "हेलियमचो शोध आमच्या विजयदुर्गार लागलो." किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत, त्यावर दुर्बिणी ठेवल्या होत्या, हेही खरं. पण तारखा बघा. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी. हेलियमची रेघ त्याच्या तीस वर्षं आधीची आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ झ्यूल जान्सन आंध्रातल्या गुंटूरला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्याने उजळ रेघा पाहिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात लॉक्यरने इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे आपला रंगांचा पट्टा, घेतला. त्यात सोडियमच्या शेजारी, पण सोडियमची नव्हे, अशी एक पिवळी रेघ होती, ५८७.६ ला. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा! त्या फरकावरून पृथ्वीवर माहीत नसलेलं मूलद्रव्य सूर्यात असल्याचं ठरलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव पडलं. पृथ्वीवर ते १८९५ मध्ये विल्यम रॅम्झीला सापडलं, म्हणजे लॉक्यर विजयदुर्गच्या धक्क्याला लागण्याआधी हेलियम प्रयोगशाळेत आलेलं होतं. शेजाऱ्याशी वाद घालू नका, आंबे बंद होतात. पण तुम्हाला माहीत असू द्या.

पायरी ७: एलईडी आणि मोबाइल

लोहार चाळीत बल्ब घ्यायला गेलात तर खोका पिशवीत ठेवा. दुकानदार आधी हसतो, मग स्वतः मागून बघतो.

पांढऱ्या एलईडीत पांढरा प्रकाश तयारच होत नाही. आत गॅलियम नायट्राइडची बारीक चकती असते. वीज सोडली की तिच्यातले इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांमध्ये पडतात आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश देतात. त्यावर पिवळसर भुकटीचा लेप असतो. तो काही निळा गिळून हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचा रुंद पट्टा सोडतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. खोक्यात निळा खांब, मग निळ्या-हिरव्याच्या मध्ये एक खड्डा, मग रुंद टेकडी. 'वॉर्म' बल्बमध्ये निळा खांब ठेंगणा, टेकडी तांबड्याकडे झुकलेली. असा निळा एलईडी बनवायला फार वर्षं गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जमला आणि आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं.

साडीचा घोळ या खड्ड्यात आहे. कापडाचा रंग म्हणजे कापडाने परत पाठवलेला प्रकाश. दिव्यात जो रंग नाही, तो कापड परत कुठून पाठवणार? बल्ब घेताना त्याच्या वेष्टनावरचा '६५००के' किंवा '२७००के' हा आकडा फक्त छटा सांगतो. रंग किती खरे दिसतील ते 'सीआरआय' सांगतं, शंभरातले जितके जास्त तितकं बरं. शिलाई, चित्रकला किंवा मेकअपच्या टेबलावर ९० च्या वरचा घ्या. जिन्यात कुठलाही चालतो.

मोबाइलवर पूर्ण पिवळा पडदा लावा आणि खोक्यातून बघा. हिरवा पट्टा, तांबडा पट्टा आणि मधल्या पिवळ्याच्या जागी जवळजवळ काळोख. पिवळा नसलेला पिवळा. पडद्यावर पाण्याचा छोटा थेंब टाकला की भिंगासारखं होऊन लाल-हिरवे ठिपके डोळ्यांनाही दिसतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या, त्यामुळे ही फसवणूक खपून जाते.

पायरी ८: हळद

हळद स्वतः प्रकाश देत नाही, निळा गिळते आणि बाकीचा परत पाठवते, म्हणून पिवळी. पण नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मिळाला तर चिमूटभर हळद थोड्या सॅनिटायझरमध्ये ढवळा (गॅसपासून लांब, ते पेट घेतं) आणि काळोखात त्यावर टॉर्च मारा. द्रव हिरवट-पिवळा पेटल्यासारखा उजळतो. जड पुडी गिळून हलकी पुडी सोडणं, ट्यूबच्या भुकटीचं आणि एलईडीच्या लेपाचं काम हेच. धुतलेला पांढरा शर्टही निळसर चमकेल. साबणाच्या पावडरीत तसली द्रव्यं घातलेली असतात. टॉर्च कोणाच्या डोळ्यांवर मारू नका.

न तापता उजळणारे आणखीही आहेत. जूनच्या पहिल्या सरींच्या आधी भंडारदऱ्याला काजवे बघायला बसेस भरून जातात. तिथे ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन प्रकाश निघतो, उष्णता नावापुरती. किनाऱ्यावर कधी लाटा निळ्या चमकतात, ते नॉक्टिल्युका या सूक्ष्म जिवांचं काम. आणि तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) मूळ 'अप्सरा' अणुभट्टीत, जी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली आणि २००९ मध्ये बंद झाली, पाण्यातला निळा प्रकाश आणखी वेगळ्या कारणाचा होता: पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होऊन सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटर उरतो आणि अणुभट्टीतले इलेक्ट्रॉन त्याहून जोरात धावतात. हे बघायला खोका घेऊन जायची सोय नाही.

पायरी ९: मावळतीचा पिवळा

शेवटचा पिवळा बघायला चौपाटीवर जा. सूर्य पूर्ण बुडाला की पश्चिमेच्या पिवळ्या आकाशाकडे खोका धरा. दुपारी ज्या आकाशाचा पट्टा पाहिला तेच आकाश, पण आता निळा भाग जवळजवळ गेलेला. प्रकाश हवेतून तिरका, लांबचा रस्ता कापून आला आणि वाटेत हवेच्या रेणूंनी निळा इकडेतिकडे उधळला.

फट अगदी बारीक असेल तर सोडियमच्या काळ्या रेघेला लागून, तांबड्याच्या बाजूला, एक धूसर सावली दिसते का बघा. ती सूर्यातली नाही, इथली आहे. हवेतल्या पाण्याच्या वाफेने गिळलेला प्रकाश तो. १९ व्या शतकात काही हवामान अभ्यासक खिशात मावणारा स्पेक्ट्रोस्कोप (आपल्या खोक्यासारखंच रंग उलगडणारं यंत्र) घेऊन ही सावली बघायचे आणि ती गडद झाली की पाऊस येणार असं म्हणायचे. तिला 'पावसाचा पट्टा' असंच नाव होतं. जानेवारीतल्या कोरड्या संध्याकाळी एक फोटो काढून ठेवा आणि मेच्या शेवटी, अंग चिकचिकत असताना, त्याच जागेवरून त्याच वेळी दुसरा काढा. आमच्याकडे जानेवारीचा आहे. मेचा यंदा ढगांनी बुडवला.